घरातलं रिव्हॉल्वर विकायचंय, पण कायद्याने, म्हणजे नेमकं काय करायचं?

ग्वाल्हेरात राहून बंदुकीचा विषय टाळता येत नाही. आमच्या लष्कर भागात, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या वस्तीत, जुन्या मराठी घरांमध्ये देवघरात टाक असतात, माळ्यावर तांब्याचा बंब असतो आणि गोदरेजच्या कपाटात आजोबांचं किंवा काकांचं एखादं हत्यार असतं, ज्याला घरातल्या कुणी वीस वर्षांत हात लावलेला नसतो. मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला. त्यांना ते नकोय, म्हातारीला त्याची भीती वाटते, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, विकून टाका ना.

आमच्याकडे हेच झालं. मोठे काका गेले, तेराव्यानंतर काकू कपाट आवरायला बसल्या तर खालच्या कप्प्यात मलमलच्या फडक्यात बांधलेलं रिव्हॉल्वर, एका डबीत काडतुसं आणि कोपरे फाटलेलं लायसन. संध्याकाळी शेजारचे एक मामा चहाला आले होते, ते म्हणाले वहिनी माझ्याकडे लायसन आहे, मीच घेतो की, आजच पैसे देतो. काकू उठून आणायलाच निघाल्या होत्या. माणूस चांगला, ओळखीचा, लायसनवाला, पैसेही रोख. तरी ते तसं झालं असतं तर दोघंही गुन्ह्यात अडकले असते, आणि का ते समजायला मला पुढचे कित्येक आठवडे लागले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

बंदूक वस्तू कमी, पासबुकातली एन्ट्री जास्त

लोक बंदूक विकायला निघतात तेव्हा डोक्यात जुनी स्कूटर असते. गिऱ्हाईक आलं, एक चक्कर मारून बघितली, पैसे दिले, चावी घेतली, आरसी ट्रान्सफर नंतर होत राहील. स्कूटरचं हे चालून जातं कारण कागद मागे राहिला तरी स्कूटर घरात ठेवणं हा गुन्हा नाही.

हत्याराचं उलटं आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचे आत्ताचे नियम २०१६ चे, आणि या सगळ्याचा पाया एवढाच की लायसनशिवाय बंदूक जवळ ठेवणं हाच गुन्हा. म्हणजे तुमचं रिव्हॉल्वर कायद्याच्या नजरेत कपाटात नाहीये, ते तुमच्या लायसनवरच्या एका ओळीत आहे. मेक अमुक, बोअर अमुक, नंबर अमुक. विकणं म्हणजे ती ओळ तुमच्या पासबुकातून कमी होऊन दुसऱ्याच्या पासबुकात जमा होणं. मधे कॅश हातात घेऊन फिरायची सोयच नाही. एक दिवस, एक रात्रसुद्धा ते हत्यार कुणाच्याच खात्यात नाही असं होता कामा नये.

ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे नियम आपोआप लागायला लागतात.

४५ दिवसांचा नियम

आता ऐका, कारण हे बऱ्याच लायसनवाल्यांनाही माहीत नसतं. बंदुका विकायचा धंदा करायला डीलरचं लायसन लागतं, पण स्वतःच्या वापरासाठी ठेवलेलं हत्यार विकायला तसं लायसन लागत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये ही सूट सरळ लिहिलेली आहे. तुम्ही खाजगी माणूस म्हणून दुसऱ्या खाजगी माणसाला विकू शकता, फक्त तो माणूस ते हत्यार ठेवायला कायद्याने पात्र पाहिजे.

पण या सवलतीला दोन अटी बांधल्यात. पहिली, विकायचा इरादा आहे हे जिल्हा दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे कलेक्टरला, किंवा जवळच्या थान्याच्या, म्हणजे पोलीस स्टेशनच्या, प्रभारीला लेखी कळवायचं, आणि त्यात कुणाला विकणार त्याचं नाव आणि पत्ता द्यायचा. दुसरी, असं कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी हत्यार हलवायचं नाही.

शेजारच्या मामांचा सौदा इथे पहिल्यांदा अडकला. (आणखी कुठे कुठे अडकला ते पुढे येतंय, आणि शेवटचं सगळ्यात गंभीर होतं.)

४५ दिवस कशाला? लग्न ठरवताना मुलाची चौकशी करायला वेळ लागतो ना, तसं. घेणाऱ्यावर काही केस आहे का, त्याचं लायसन चालू आहे का, त्यावर जागा रिकामी आहे का, हे सरकारला बघायला मिळावं म्हणून. कायद्यात शब्द 'कळवणं' असा आहे, 'परवानगी मागणं' असा नाही, पण खिडकीवर गेल्यावर त्याची परवानगीच होते, बाबू एनओसी म्हणतो आणि तुम्हीही मुकाट एनओसीच म्हणायचं, तिथे कलम समजावत बसलात तर ४५ चे नव्वद होतील. माझं म्हणणं, कायदा दोघांपैकी एकाला कळवा म्हणत असला तरी कलेक्ट्रेटच्या शस्त्र शाखेत आणि थान्यात दोन्हीकडे अर्ज द्या, आणि आपल्या कॉपीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दिवस मोजायला सुरुवात कुठून झाली हे सांगणारा तो शिक्का एकटाच असतो.

घेणारा चालतो का, हे कसं बघायचं

घेणाऱ्याचं वय २१ पूर्ण पाहिजे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेल्याला पुढची ५ वर्षं हत्यार घेता येत नाही, शांतता राखायचा बाँड कोर्टाने लिहून घेतलेला असेल तर तो बाँड चालू असेपर्यंत पण नाही. अशा माणसाला विकणाराही दोषी.

मग त्याचं लायसन. मूळ लायसन हातात घेऊन बघा, मोबाइलमधला फोटो नको. मुदत चालू आहे का (२०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन ३ ऐवजी ५ वर्षांचं मिळतं), त्यावर यूआयएन आहे का, म्हणजे लायसनधारकांच्या देशभराच्या ऑनलाइन नोंदीतला त्याचा स्वतःचा नंबर, जसा आपला आधार नंबर तसा. आणि लायसन कशाचं आहे? बारा बोअरच्या बंदुकीचं लायसन दाखवून रिव्हॉल्वर घेता येत नाही. हे ऐकायला साधं वाटतं पण आमच्या मामांचं लायसन नेमकं बारा बोअरच्या दोननळीचं निघालं.

शिवाय संख्या. पूर्वी एका माणसाला ३ हत्यारं ठेवता यायची, डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २ झाली. सुरुवातीच्या मसुद्यात तर १ च होतं, आरडाओरडा झाल्यावर २ वर आले. तिसरं असणाऱ्यांना ते जमा करायला एक वर्ष दिलं होतं. त्यामुळे ज्याच्याकडे आधीच दोन आहेत तो कितीही मोठा असामी असला तरी तुमचं तिसरं म्हणून घेऊ शकत नाही.

बोअरचा घोळ

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, एवढंच. ३२ बोअर म्हणजे इंचाचे ०.३२, साधारण ८ मिलिमीटर. (बारा बोअरचा हिशोब मात्र वेगळाच आहे, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी होईल तेवढी नळी, त्यामुळे तिथे आकडा वाढला की नळी बारीक होते. इंग्रजांची गणितं.)

सरकारने काही बोअर प्रतिबंधित ठरवलेत, त्याला सगळे पीबी म्हणतात, आणि जे सामान्य माणसाला मिळतात ते एनपीबी. फरक ताकदीचा कमी आणि काडतुसाचा जास्त आहे. फौज आणि पोलीस जी काडतुसं वापरत आलेत ती ज्या हत्यारात बसतात ते पीबी. कारण उघड आहे, सरकारी गोदामाच्या कुलपाची किल्ली लोकांच्या खिशात कशाला द्यायची. म्हणून ९ एमएम, ३८ आणि ४५५ पीबी, आणि ३२ एनपीबी.

आता गंमत अशी की जुन्या घरांमध्ये इंग्लंडच्या वेबली कंपनीची जी रिव्हॉल्वर सापडतात ती बघायला बहिणी-बहिणी असतात पण एक ३२ ची असते, एक ३८ ची, आणि आजोबा फौजेत असतील तर ४५५ चीही निघते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ चं रिव्हॉल्वरसुद्धा त्याच वेबलीच्या घराण्यातलं. नुसतं बघून ओळखायला जाऊ नका. लायसन वाचा, नळीवर कोरलेलं वाचा, आणि दोन्ही जुळतंय का बघा. पीबी निघालं तर मामला कलेक्टरच्या हातातला राहत नाही, त्या लायसनचा निर्णय दिल्लीत गृह मंत्रालयात होतो आणि घेणारेही मोजके असतात, तेव्हा त्या वाटेला डीलरच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये.

नंबर नसेल तर विषयच संपला

ज्या हत्यारावर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर ठोकलेला नाही ते विकताच येत नाही, आणि नंबर घासून काढलेला असेल तर तो वेगळा गुन्हा. आपल्या भिंड-मुरैना पट्ट्यात कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, हा शब्द लहान पोरालाही माहितीये. कट्ट्याला लायसन नसतं, कट्ट्याची विक्री नसते, घरात सापडला तर आधी वकील गाठा आणि त्याच्यामार्फत पोलिसांकडे द्या.

नंबरचं महत्त्व आमच्या गावाला वेगळं सांगायला नको. गांधीजींवर ज्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते ग्वाल्हेरात मिळवलेलं होतं, जानेवारी १९४८ च्या शेवटच्या आठवड्यात, हातोहात, आणि कोर्टाच्या कागदात त्याचा नंबर आहे, ६०६८२४. मालक बदलतात, मरतात, तो ठोकलेला आकडा तसाच राहतो. तुम्ही विकलेलं हत्यार पंधरा वर्षांनी कुठल्या पंचनाम्यात निघालं तर पोलीस त्या आकड्यावरून मागे मागे येत तुमच्या दारापर्यंत पोचणार, आणि तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काय आहे हा प्रश्न.

"पण लायसनवाला माणूसच वारलाय, मग?"

हा खरा घरोघरीचा प्रश्न आणि मामांचा सौदा सगळ्यात वाईट अडकला तो इथे. काका गेले त्या दिवसापासून त्या रिव्हॉल्वरला लायसनच उरलं नव्हतं. लायसन माणसाचं असतं, घराचं नसतं. रेशनकार्डासारखं नाव कमी करून पुढे चालवता येत नाही. म्हणजे काकू विकायच्या आधीच, ते घरात ठेवूनच अडचणीत होत्या.

यावर कायद्याने वाट ठेवलीये, कलम २१. हत्यार ठेवायचा हक्क संपला, मग तो मृत्यूने संपो, मुदत जाऊन संपो की लायसन रद्द होऊन, तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या थान्यात किंवा लायसनधारी डीलरकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही, याचीच लोकांना भीती असते. मालकी वारसाचीच राहते. ठराविक मुदतीत वारस स्वतः लायसन काढून परत घेऊ शकतो, किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेऊ शकतो. मुदत उलटून गेली तर मात्र कलेक्टरच्या हुकमाने ते सरकारजमा होऊ शकतं. मंगळसूत्र गहाण टाकल्यासारखं समजा, पावती आणि तारीख दोन्ही सांभाळा.

जमा करायला जाताना एक काम. हत्यार उघडून भरलेलं आहे का ते स्वतः बघू नका, विशेषतः ज्याला येत नाही त्याने. आम्ही डीलरच्या माणसाला घरी बोलावलं, त्याने उघडलं तर आत दोन गोळ्या होत्या. काकू त्या कपाटातून रोज साड्या काढत होत्या.

पावतीवर मेक, बोअर, नंबर आणि काडतुसं किती, हे सगळं लिहून घ्या. आमच्या पहिल्या पावतीवर नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते आणि ते दुरुस्त करायला तीन फेऱ्या झाल्या, दर वेळी 'साहेब मीटिंग में हैं'. तेव्हा भिंग घेऊन जा, लाजू नका.

"मुलाच्या नावावर केलं तर विक्रीची भानगडच नको"

चालतं, पण तेही आपोआप नाही. वडील गेल्यावर वारस म्हणून मुलगा किंवा मुलगी अर्ज करू शकतात. हयातीतही करता येतं, लायसनधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार ठेवून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा. पण वारसालाही पात्रतेच्या सगळ्या अटी लागतात, आणि दोनची मर्यादा वारशातही सुटत नाही.

आणि फुकट दिलं, भाच्याला लग्नात भेट दिलं, तर? कायद्यात नुसतं विकणं नाही, 'विकणं किंवा हस्तांतर' आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून ४५ दिवस माफ होत नाहीत.

"ते चालतच नाही हो, गंज खाऊन पडलंय, अँटीक आहे"

हे मी किमान दहा जणांकडून ऐकलं. कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून किंमत असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे हे खरं, पण पुढचे शब्द वाचा, दुरुस्ती करूनसुद्धा जे चालू शकणार नाही असं. घोडा तुटलाय, स्प्रिंग गेलीये, हे त्यात बसत नाही, कारण बाजारात मिस्त्री ते अर्ध्या तासात चालू करेल. पणजोबांची तोड्याची बंदूक भिंतीवर असेल तर गोष्ट वेगळी, तरी ते आपलं आपण ठरवू नये.

डीलरमार्फत का थेट?

थेट विकलं तर भाव जास्त येतो, डीलरकडे कमी येतो पण डोकं शांत राहतं. डीलर हत्यार आपल्या ताब्यात घेतो, स्टॉक रजिस्टरला चढवतो, गिऱ्हाइकाचं लायसन तपासणं त्याचं रोजचं काम आहे. कमिशन कापून पैसे देतो. घरात एकट्या बाईमाणसाने हा व्यवहार करायचा असेल तर मी डोळे झाकून डीलर सांगेन, आणि व्यवहार चेकने किंवा बँकेतून.

भावाबद्दल एक समजून घ्या. ऐंशीच्या दशकापासून खाजगी माणसाला विदेशी हत्यार आयात करणं जवळपास बंद आहे, त्यामुळे त्याआधी आलेली विलायती पिस्तुलं तेवढीच उरलीत आणि हातोहात फिरतात, म्हणून त्यांना सोन्याचा भाव. देशी ३२ ला तसं नाही, कारण कानपूरला नवं मिळतं. बायकांसाठी म्हणून २०१४ मध्ये काढलेलं निर्भीक रिव्हॉल्वरसुद्धा तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होतं, तर मग जुन्याला नव्यापेक्षा जास्त कोण देणार. काकांचं कानपूरचंच होतं. काकूंना वाटत होतं इंग्लंडचं असेल.

फोटो टाकून ऑनलाइन जाहिरात, कुरिअर, पोरगा पुण्याहून येताना रेल्वेत घेऊन येईल, यातलं काहीही नको. काडतुसांनाही हेच नियम, ती वेगळी अशीच देऊन टाकायची नाहीत, आणि तिघ्रा धरणात फेकायची तर अजिबात नाहीत.

"एवढं सगळं कोण बघतंय?"

आमच्याकडे लायसन मिळवायला माणसं काय काय करतात ते बघा. शेजारच्या शिवपुरीत २००८ मध्ये नसबंदी केली तर बंदुकीच्या लायसनला प्राधान्य अशी योजना निघाली होती, आणि ग्वाल्हेरात २०१९ मध्ये अर्ज करणाऱ्याने आधी दहा झाडं लावून फोटो द्यायचा असा फतवा होता. एवढी हौस असलेल्या गावात प्रशासन हत्यारांकडे डोळा लावून बसलेलंच असतं. निवडणूक लागली की लायसनी हत्यारं थान्यात जमा करायला लावतात, तेव्हा यादी काढून एकेकाला फोन जातो. तुमचं यादीत आहे आणि घरात नाही, की लगेच प्रश्न.

शिक्षाही आता पूर्वीची नाही. लायसनशिवाय जवळ ठेवलं तर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं, हे २०१९ नंतर. कलम ५ मोडून विकणाऱ्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप असं पुस्तकात लिहिलंय. समोरचा पात्र आहे याची खात्री न करता हातात देणं हाही वेगळा गुन्हा आहे. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठीसुद्धा त्याच दुरुस्तीत २ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आलाय, तरी लग्नसराईत रात्री आमच्या गल्लीत आवाज येतातच, तो विषय वेगळा.

विकून झाल्यावर

हत्यार गेलं की काम संपलं असं समजून लोक लायसन ड्रॉवरमध्ये टाकतात. तसं करू नका. लायसनवर विक्रीची नोंद करून घ्या, ऑनलाइन रेकॉर्डमधून ते हत्यार तुमच्या नावावरून कमी झालं का विचारा, दुसरं घ्यायचं नसेल तर लायसन सरेंडर करून त्याची पावती घ्या. घेणाऱ्याच्या लायसनवर एन्ट्री चढल्यावर त्या पानाची कॉपी मागून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आमचं डीलरमार्फत विकलं गेलं, अर्ज टाकल्यापासून पैसे यायला चार महिने लागले. काकूंनी सगळ्या कागदांची प्लास्टिकची फाईल केली आणि ती त्याच गोदरेजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. गेल्या निवडणुकीत थान्यातून काकांच्या नावाने फोन आलाच, यादी जुनी होती. काकूंनी फाईल काढली, पावतीचा नंबर आणि तारीख वाचून दाखवली, पलीकडून 'ठीक है अम्मा' ऐकू आलं आणि त्या परत भाजी निवडायला बसल्या.